आठ स्टडांची लोकल

आपण ज्याला बोगी म्हणतो, ती बोगी नसते. ‘पुढच्या बोगीत चढ, ही लेडीज आहे’ असं अंधेरीच्या फलाटावर दिवसभर बोललं जातं. ऐकणाऱ्याला नेमकं कळतं, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. रेल्वेच्या भाषेत मात्र आपण चढतो तो डबा. बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची, स्प्रिंगांची, वळणावर आपापली फिरणारी चौकट, आणि अशा दोन बोग्या एका डब्याला असतात. आयुष्यभर लोकलनं जाऊनही हे ठाऊक नसलं तरी चालतं. लेगोच्या ठोकळ्यांतून आगगाडी जुळवायला बसलं, की ते पहिल्या अर्ध्या तासात कळतं. हौशी माणूस आधी लांब डबा करतो, त्याला खाली चाकं पक्की बसवतो आणि रुळावर ठेवतो. सरळ रुळावर डबा झकास जातो आणि पहिल्याच वळणावर उताणा पडतो. मग कळतं, की चाकं डब्याला चिकटवायची नसतात, डबा चाकांवर टेकवायचा असतो.

खेळण्यातल्या ठोकळ्यांतून खरीखुरी दिसणारी गाडी करण्याचा छंद हा असा आहे. यात हात जितके चालतात, त्याहून जास्त डोळे चालवावे लागतात. आणि ज्या माणसानं रोज तीच लोकल पकडली आहे, त्याचे डोळे याबाबतीत सगळ्यात आळशी असतात.

लेगोच्या ब्रिकवर जे गोल उंचवटे असतात, त्यांना स्टड म्हणतात. एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंतचं अंतर ८ मिलिमीटर. साध्या ब्रिकची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ तुकड्याची, म्हणजे प्लेटची, बरोबर त्याच्या एक तृतीयांश, ३.२ मिलिमीटर. डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या या कंपनीनं आजच्या ब्रिकचं पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी मागितलं. त्या वर्षीचा ब्रिक आजच्या ब्रिकवर घट्ट बसतो. छंदाचं सगळं व्याकरण या तीन आकड्यांत आहे. लाकडातून गाडी कोरणारा अर्धा मिलिमीटर तासू शकतो. पुठ्ठ्याची गाडी करणारा कात्री चालवतो. लेगोवाल्याला तासता येत नाही, कापता येत नाही, निदान पट्टीच्या लेगोवाल्यांच्या मते तसं करणं पाप आहे. त्याला आठ-आठ मिलिमीटरच्या पायऱ्यांनीच चालावं लागतं.

आता मुंबईची लोकल घ्या. डब्याची रुंदी ३.६६ मीटर, म्हणजे जुन्या मापात १२ फूट. लांबी सुमारे २०.७ मीटर, म्हणजे ६८ फूट. रुळांतलं अंतर, ब्रॉड गेज, १६७६ मिलिमीटर. लेगोच्या रुळांतलं आतलं अंतर साधारण ३७.५ मिलिमीटर असतं आणि १९६६ साली लेगोनं पहिली आगगाडी काढली तेव्हापासून ते बदललेलं नाही. गेजवरून प्रमाण काढलं तर ते १:४५ येतं. त्या हिशेबानं डबा १० स्टड रुंद हवा, आणि गंमत म्हणजे १० स्टडांचा डबा या रुळावर जवळजवळ अचूक बसतो. ज्या देशांची गाडी १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजवर चालते, तिथल्या हौशींना लेगोचा रूळ नेहमी गाडीच्या मानानं ऐसपैस वाटतो. तीच गोष्ट आपल्या ब्रॉड गेजच्या पथ्यावर पडते.

पण १० स्टडांचा मोह टाळावा असं माझं मत आहे. त्या प्रमाणात एक डबा ५७ स्टड लांब होतो, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर. वजन वाढतं, मोटर थकते आणि वळणावर जे होतं ते पुढे येईलच. लेगोच्या खोक्यातल्या गाड्या परंपरेनं ६ स्टडांच्या असतात. त्या गोंडस दिसतात, पण त्यांत लोकलचा भारदस्त चौकोनी देह येत नाही. म्हणून जगभरातले बरेच गंभीर हौशी ८ स्टडांवर येऊन थांबतात. ८ स्टड म्हणजे ६४ मिलिमीटर, आणि आपल्या लोकलसाठी प्रमाण येतं १:५७.

हा आकडा मनात धरून एकदा घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या पुलावर उभं राहावं. खालून लोकल जाते आणि दुसऱ्या रुळावरून पुण्याची गाडी जाते. दोन्ही एकाच गेजवर धावतात, म्हणून आपण त्या एकाच मापाच्या धरतो. प्रत्यक्षात लांब पल्ल्याच्या डब्याची रुंदी ३.२५ मीटरच्या आसपास असते. लोकल तिच्याहून सुमारे ४० सेंटिमीटर रुंद आहे. उभ्या माणसांची एक जास्तीची रांग तेवढ्यात मावते. १:५७ च्या प्रमाणात डेक्कन क्वीन ७ स्टडांची होते आणि लोकल ८ स्टडांची. दोन्ही शेजारी ठेवल्या, की फरक एका स्टडाचा, म्हणजे डोळ्यांना नीट जाणवेल इतका. ७ स्टडांचा डबा जुळवणं मात्र जिकिरीचं असतं. लेगोचे बहुतेक रुंद तुकडे सम संख्येचे आहेत आणि विषम रुंदीच्या डब्याचा मध्य स्टडावर येतो, दोन स्टडांच्या मधल्या सांध्यावर नाही. डेक्कन क्वीन करायला घेणाऱ्यानं दोन रविवार जास्तीचे धरावेत.

रुंदी ठरली, की पुढचा प्रश्न तोंडाचा. गाडीची ओळख तिच्या तोंडावर असते. जुनी पिवळी-तपकिरी लोकल आठवा. सपाट चेहरा, मोटरमनच्या काचेवर जाळी, वर मुक्कामाच्या अक्षरांची पाटी. दगड लागू नये म्हणून बसवलेली ती जाळी हा मुंबईच्या लोकलचा सगळ्यात बोलका तपशील आहे. बाहेरगावच्या माणसाला लोकलचं चित्र काढायला सांगितलं तर तो ती विसरेल. लेगोत १ बाय २ स्टडांची एक पन्हाळी टाइल मिळते. हौशी तिला ग्रिल म्हणतात. ती बसवली आणि आजूबाजूला बाकी काही धड नसलं, तरी चेहरा लोकलचा दिसतो. उलट जाळी नसेल तर उरलेलं काम कितीही बारकाईचं असो, गाडी कुठल्यातरी परदेशी शहराची वाटते. या छंदात जिंकणं-हरणं अशा एखाद्या तुकड्यावर ठरतं.

खिडक्यांच्या आडव्या गजांना तीच टाइल चालते. दाराच्या मधोमध जो उभा खांब असतो, ज्याला गर्दीत चार जणांचे हात असतात, त्याला लेगोची पातळ कांडी. दारं उघडीच ठेवायची, ती बंद दाखवली तर खोटं वाटतं. याला अपवाद वातानुकूलित लोकलचा. २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटला निघालेली पहिली एसी लोकल करायची असेल तर दारं मिटलेली हवीत.

पट्ट्याचं काम याहून अवघड. डब्याच्या अंगावर आडवी पिवळी पट्टी द्यायची आहे आणि तिची उंची ब्रिकइतकीही नको, प्लेटइतकीही नको. इथे एक युक्ती कामाला येते. पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या तर उंची होते १६ मिलिमीटर, आणि दोन स्टडांची रुंदीही १६ मिलिमीटर. म्हणजे आडवे तुकडे उभे करून आत बसवता येतात आणि माप बिघडत नाही. स्टड वर न ठेवता बाजूला वळवून जुळवण्याची ही पद्धत हौशींमध्ये ‘स्नॉट’ नावानं ओळखली जाते. हे इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचं रूप आहे आणि त्याचा दुसरा अर्थ शेंबूड होतो, याची त्यांना पूर्ण कल्पना आहे. या पद्धतीनं डब्याच्या भिंती गुळगुळीत होतात. स्टड दिसले की खेळणं आणि दिसले नाहीत की मॉडेल, असं काही जण मानतात. मला छपरावर थोडे स्टड दिसलेले आवडतात. आपण कशातून काय केलं आहे, हे लपवून काय मिळवायचं?

रंगाचं दुखणं वेगळंच. लेगोत तपकिरी आणि पिवळा भरपूर मिळतो, त्यामुळे जुनी लोकल करणं सोपं जातं. २००७ नंतर आलेल्या पांढऱ्या-जांभळ्या लोकलसाठी जांभळा रंग लागतो आणि त्या रंगात मोजकेच आकार निघाले आहेत. हवी ती तिरपी वीट असते, पण जांभळी नसते. संगणकावर ‘स्टुडिओ’सारख्या मोफत कार्यक्रमात आधी आराखडा करणारे इथे हमखास फसतात. पडद्यावर कुठल्याही तुकड्याला कुठलाही रंग देता येतो, कारखान्यानं तो त्या रंगात कधीच ओतलेला नसतो. संगणकावर लेगो जुळवण्याची सुरुवात जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन माणसानं १९९५ साली ‘एलड्रॉ’ लिहून केली. दोन वर्षांत तो वारला, पण त्यानं आखलेली पद्धत पुढच्यांनी चालू ठेवली. पडद्यावरचं काम फुकट असतं, म्हणून तिथे गाडी पाच वेळा मोडावी आणि मगच एक तुकडा विकत घ्यावा.

आता वळण.

लेगोच्या साध्या वळणाच्या १६ तुकड्यांत पूर्ण वर्तुळ होतं. त्रिज्या ४० स्टड, म्हणजे ३२ सेंटिमीटर. सगळं वर्तुळ सव्वादोन-अडीच फुटांच्या चौकोनात मावतं. मुलांच्या खेळण्यासाठी हे उत्तमच. पण भारतीय ब्रॉड गेजवर सगळ्यात तीव्र वळणाला १७५ मीटर त्रिज्या लागते. १:५७ च्या प्रमाणात ती तीन मीटरांहून थोडी जास्त होते. म्हणजे लेगोचं वळण खऱ्या रेल्वेला परवानगी असलेल्या सगळ्यात वाईट वळणापेक्षा जवळजवळ दहापट तीव्र आहे. प्रमाणशीर लांबीचा, ४५ स्टडांचा डबा अशा वळणावर गेला, की त्याचं पोट रुळाच्या आतल्या अंगाला सुमारे २७ मिलिमीटर सरकतं आणि कोपरे बाहेरच्या अंगाला झेपावतात. शेजारच्या रुळावरच्या गाडीला ते घासणारच. फलाट वळणावर बांधला असेल तर फलाट उखडतो.

यावर उपाय दोन. एक म्हणजे मोठ्या त्रिज्येचे रूळ. ते इतर लहान उत्पादक बनवतात, ७२, ८८, १०४ स्टडांच्या त्रिज्येचे. दुसरा उपाय डबा आखडण्याचा. मधल्या दोन-तीन खिडक्या गाळायच्या, दारांचं अंतर थोडं कमी करायचं आणि ४५ स्टडांचा डबा ३४-३६ वर आणायचा. हे ज्याला नीट जमतं, त्याचा डबा बघून कुणालाही वाटत नाही की यात खिडक्या कमी आहेत. काय गाळलं तर चालतं आणि काय गाळलं तर लोकल लोकल राहत नाही, हे एकदा पारखता आलं, की बाकीचं नुसतं तुकडे दाबणं असतं. खिडक्या गाळता येतात, जाळी गाळता येत नाही. आसनं गाळता येतात, लटकती हँडलं गाळली तर आत बघणारा लगेच विचारतो. छतावरचा पेंटोग्राफ कितीही कच्चा असला तरी हवा. चाकांजवळचे ब्रेक कुणी बघत नाही, पण पायदानाखालचा काळोख दिसावा लागतो. म्हणून डब्याखाली काळे तुकडे वापरायचे, करड्या तुकड्यांनी काम होत नाही.

उपनगरातल्या हौशीला तिसरा एक अडसर असतो आणि तो त्याच्या घराचा. आखडला नाही तर एक डबा ३६ सेंटिमीटर, १२ डब्यांची गाडी झाली ४ मीटर ३२ सेंटिमीटर. बोरिवलीतल्या वन बीएचकेचा हॉल १० बाय १४ फुटांचा धरा. १४ फूट म्हणजे ४ मीटर २७ सेंटिमीटर. एकही रूळ वळायच्या आधी, नुसती उभी केली, तरी बारा डबा लोकल हॉलमध्ये मावत नाही. ती स्वयंपाकघरात डोकावते. १५ डब्यांचा तर विचारच नको.

म्हणून आपल्याकडे रूळ कायमचे मांडलेले नसतात. ते पलंगाखालच्या खोक्यात किंवा माळ्यावर असतात आणि रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर फरशीवर उतरतात. संध्याकाळी कुणी पाहुणे आले की परत खोक्यात. हे ऐकून कुणाला वाईट वाटेल, पण तात्पुरतं मांडणं आणि मोडणं हे आपल्याला नवं नाही. दिवाळीत सोसायटीच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला होतो, चार दिवस मावळे पहारा देतात आणि मग सगळं मोडतं. गणपतीत घराघरांत देखावे होतात आणि त्यांत लोकल, स्टेशन, पूल हे विषय उपनगरांत नेहमीचे. पुठ्ठा, रंगीत कागद आणि पूर्वी थर्माकोल. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा अनेक घरांतले कारागीर पुठ्ठ्याकडे वळले. ज्यानं लहानपणी मखरामागे बसून लोकलच्या खिडक्या ब्लेडनं कापल्या आहेत, त्याला लेगोतली लोकल परकी वाटत नाही. फक्त आता ब्लेड चालत नाही.

कायम मांडलेली छोटी रेल्वे बघायची असेल तर पुण्याला कोथरूडला जावं लागतं. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदाचं संग्रहालय तिथे जी. ए. कुलकर्णी पथावर आहे. ते १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालं. कथाकाराच्या नावाच्या रस्त्यावर एखाद्याच्या हौसेचं छोटं गाव वसावं, हे मला बरोबर वाटतं. तिथल्या गाड्या लेगोच्या नाहीत. त्या एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या आहेत. सिग्नल, रूळ बदलणं, दिवे असं सगळं एकत्र चालताना तिथे बघायला मिळतं. लेगोवाल्यानं तिथे जाऊन वेगाकडे लक्ष द्यावं. लेगोची गाडी करणारे बहुतेक जण ती फार जोरात पळवतात. ताशी १०० किलोमीटरनं जाणारी लोकल १:५७ मध्ये सेकंदाला अर्धा मीटरसुद्धा जात नाही. वेग कमी केला, की त्याच गाडीत अचानक वजन येतं.

गाडी पळते कशावर, याचा इतिहास थोडक्यात. १९६६ ची पहिली लेगो गाडी साडेचार व्होल्टच्या बॅटरीवर आणि निळ्या रुळांवर धावे. १९६९ मध्ये १२ व्होल्टची आली. १९९१ पासून धातूच्या रुळांतून ९ व्होल्ट मिळू लागले. ती पद्धत जुने हौशी अजून हळहळून आठवतात. २००६ नंतर धातूचे रूळ मागे पडले आणि बॅटरी पुन्हा डब्यात आली. २०१८ पासून मोबाइलवरून गाडी चालते. आपल्या लोकलचंही असंच काहीसं झालं. १९२५ पासून ती १५०० व्होल्ट डीसीवर धावत होती. २५,००० व्होल्ट एसीचं काम पश्चिम मार्गावर २०१२ मध्ये, मध्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर २०१६ मध्ये पुरं झालं. लेगोच्या लोकलमध्ये बॅटरीचा डबा कुठे लपवायचा, हा प्रश्न येतो, कारण लोकलला वेगळं इंजिन नसतं. उत्तर लोकलनंच दिलं आहे. मोटर कोचमध्ये यंत्रांची खोली असते आणि तिथे प्रवासी बसत नाहीत. बॅटरी तिथेच ठेवायची.

फलाट मात्र बिचारा दुर्लक्षित राहतो. खऱ्या रेल्वेत उंच फलाटाचं माप पूर्वी रुळापासून ७६ ते ८४ सेंटिमीटरच्या दरम्यान असे. गाडी आणि फलाट यांच्या फटीत माणसं पडून जायबंदी होत होती. उच्च न्यायालयात विषय गेला आणि मुंबईत फलाटांची उंची ९० सेंटिमीटरांच्या वर नेण्याचं काम झालं. १:५७ मध्ये जुना ७६ सेंटिमीटरचा फलाट चार प्लेटांचा होतो आणि नवा ९२ सेंटिमीटरचा पाच प्लेटांचा. एका प्लेटेचा, ३.२ मिलिमीटरचा फरक. हातात धरली तर ती प्लेट नखाच्या उंचीचीही नसते. खऱ्या मापात ती १८ सेंटिमीटर होते, म्हणजे जिन्याच्या एका पायरीइतकी. जुन्या पिवळ्या-तपकिरी लोकलजवळ चार प्लेटांचा फलाट ठेवावा आणि पांढऱ्या-जांभळ्या गाडीजवळ पाचांचा. शंभरात एखाद्यालाच ते दिसेल, पण ज्याला दिसेल तो बोलत बसेल.

लोकल सोडून दुसरं काही करायचं असेल तर एक जुनं नाव आहे, खेकडा. १९२८ च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं घाटासाठी विजेची मालवाहू इंजिनं आणली. मधे उंच खोली, पुढे-मागे ठेंगणी नाकं आणि तिन्ही भाग सांध्यांवर हलणारे. चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे होते. लोक त्यांना खेकडा म्हणत. ती उभी असताना कण्हत आणि चालताना दांड्यांचा सळसळ आवाज येई, असं ज्यांनी पाहिलं ते सांगतात. पहिली काही इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूर इथल्या एसएलएम कारखान्यात बनली. त्याच कारखान्यानं त्याआधी गोटहार्ड घाटासाठी तशाच बांध्याचं इंजिन केलं होतं. त्याला तिकडे मगर म्हणतात. २०२० साली लेगोनं त्या मगरीचा १,२७१ तुकड्यांचा संच काढला. म्हणजे मुंबईच्या घाटातल्या खेकड्याची सख्खी चुलत बहीण लेगोच्या खोक्यात मिळू लागली. ज्याच्याकडे तो संच आहे, त्याचं निम्मं काम झालेलं असतं. नाकं थोडी बदलायची, दोन्ही टोकांचे बफर आणि दिवे आपल्या पद्धतीचे करायचे आणि रंग बदलायचा. स्विस मगर मोडून खेकडा केलेला पाहणं, हे या छंदातल्या मला ठाऊक असलेल्या सुखांपैकी वरचं आहे. सांध्यावर हलणारी ती तीन तुकड्यांची रचना ४० स्टडांच्या तीव्र वळणालाही शरण जात नाही. घाटासाठी जी रचना केली, ती हॉलसाठीही चालते.

तुकडे कुठून आणायचे, हा उपनगरांतल्या हौशीचा रोजचा विषय. लेगोचे संच मॉलमध्ये मिळतात, पण गाडीला लागतात ते सुटे तुकडे, आणि तेही एका रंगाचे दोनशे. जगभरचे सुटे तुकडे विकणारा बाजार म्हणजे ब्रिकलिंक. तो २००० साली सुरू झाला आणि २०१९ मध्ये लेगो कंपनीनंच घेतला. परदेशातून मागवायचं तर आयात शुल्क. खेळण्यांवरचं शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानकाचं प्रमाणपत्रही सक्तीचं आहे. देशी उद्योगाला त्यातून हात मिळाला असेल, पण जांभळ्या तिरप्या विटा देशात कुणी ओतत नाही. त्यामुळे परदेशी असलेला भाचा दिवाळीला येताना काय आणतो, याला उपनगरांतल्या काही घरांत भलतंच महत्त्व आहे.

दिवे आणि बारीक तारांसाठी लॅमिंग्टन रोड आहेच. लेगोच्या स्टडाच्या पोटात बसेल असा इवला एलईडी तिथे हुडकण्यात एक दुपार सहज जाते. चिनी बनावटीचे, लेगोशी जुळणारे ठोकळे स्वस्त पडतात. लेगोच्या मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे आणि ब्रिकच्या आकारावर ट्रेडमार्क मिळणार नाही, असं युरोपीय न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं. त्यामुळे जुळणारे ठोकळे बनवणं हा गुन्हा नाही. रूळ, फलाट, छपराचं आतलं भरणं यांसाठी ते खुशाल वापरावेत. दाराजवळच्या, सतत काढ-घाल होणाऱ्या जागी अस्सल तुकडा बरा. घट्टपणातला फरक महिन्याभरात बोटांना कळतो.

नवख्यानं सुरुवात लोकलनं करू नये, मेट्रोनं करावी. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. गाडी चार डब्यांची, तोंड गुळगुळीत, दारं बंद, खिडक्यांना गज नाहीत आणि गेज स्टँडर्ड. लेगोच्या मनातली गाडी अशीच असते. उन्नत मार्गासाठी ब्रिकचे खांब करायचे, म्हणजे खालून चप्पल-कपाटही जातं आणि घरातल्यांचा विरोध निम्मा होतो.

शेवटी प्रवासी. लेगोचा छोटा माणूस १९७८ साली आला. तो डोक्यापासून पायापर्यंत ४ सेंटिमीटर आहे आणि रुंदीला दोन स्टड. १:५७ मध्ये तो सव्वादोन मीटर उंच आणि जवळजवळ मीटरभर रुंद ठरतो. आठ स्टडांच्या डब्यातून दोन्ही भिंतींचे दोन स्टड वजा केले, की आत सहा उरतात. खऱ्या लोकलमध्ये खिडकीकडे तीन आणि पलीकडे तीन बसतात, मधे वाट असते आणि ‘जरा सरका’ म्हणून चौथा टेकतो. लेगोत एका ओळीत तीन माणसंच बसतात, ती दंडाला दंड लावून, आणि वाट संपते. चौथ्या सीटचा प्रश्नच उरत नाही. दारात लटकणारा मात्र करता येतो, त्याचा हात मुठीसारखा गोल आहे आणि खांबाच्या कांडीवर नेमका बसतो. एक लटकला की बाकीच्या डब्यात गर्दी आहे असं बघणाऱ्याला आपोआप वाटतं.

फलाटावरचा इंडिकेटर राहिला. त्यावर मुक्कामाची अक्षरं येतात, स्लो की फास्ट ते येतं आणि किती डबे ते येतं. बोरिवली, फास्ट, इथपर्यंत ठीक. डब्यांच्या जागी काय लिहायचं? हॉलमध्ये चार डबे मावतात. १२ लिहिलं तर थाप, ४ लिहिलं तर हसतील, असं वाटून बरेच जण ती टाइल कोरीच ठेवतात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे जाणाऱ्या देशातल्या पहिल्या विजेच्या गाडीला निशाण दाखवलं. पुढे त्यांचं नाव एका खेकड्यालाही दिलं गेलं. हार्बरच्या मार्गानं गेलेली ती पहिली लोकल चार डब्यांची होती.